94 टक्के जरा बाजूला ठेव

अनेक आशीर्वाद.

तुझी फाइल परवा मिळाली. हिमाचलमधल्या लाहौलच्या रॉक ग्लेशियरांचं, म्हणजे पोटात बर्फ असलेल्या (किंवा कधीकाळी असलेल्या) आणि त्याच्या जोरावर हळूहळू सरकणाऱ्या दगडांच्या ढिगाऱ्यांचं, कोण अजून सक्रिय आणि कोण नाही असं संगणकी मॉडेलने केलेलं वर्गीकरण, 94 टक्के अचूकता आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. उद्गारचिन्हं बघून बरं वाटलं, आकडा बघून जरा धाकधूक झाली. या विषयात पहिल्याच फटक्यात 94 आले की मी आधी चूक शोधायला बसतो. वयाचा दोष असेल.

म्हणून मॉडेल उघडण्याआधी तुझा लेबलांचा तक्ता उघडला. 'सक्रिय' कशाला म्हणालीस ते तू नीट लिहून ठेवलंयस, शाबास. पुढची कड उभी, फिकट ताजे दगड उघडे पडलेले, अंगावर गोधडीसारख्या वळ्या आणि गवताचा पत्ता नाही. चित्र बघून सगळे असंच ठरवत आलेत. पण मग मॉडेलला काय खायला घातलंस? कडेचा उतार, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहचित्रातून मोजलेली हिरवाई. अगं, ज्या खुणांवरून उत्तर ठरवलंस त्याच खुणा देऊन पुन्हा तेच उत्तर विचारलंस. पेपर काढणाऱ्यानेच तो सोडवायचा म्हटल्यावर पैकीच्या पैकी मिळायला हवेत. सहा टक्के गेले कुठे, याचंच मला नवल वाटतंय.

शिवाय पिक्सेल चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटलेस, त्यामुळे एकाच ग्लेशियरचे काही पिक्सेल शिकवणीला बसले आणि काही परीक्षेला. शेजारशेजारच्या पिक्सेलांनी एकमेकांचं बघून लिहिलं. अख्खा ग्लेशियर बाजूला काढ, जमलं तर अख्खं खोरं. चंद्रा नदीच्या खोऱ्यावर शिकव, भागा नदीच्या खोऱ्यावर तपास. आकडा पडेल. पडू दे.

आता माझीच एक फजिती सांगतो. अटल बोगदा 2020 मध्ये सुरू झाला, त्याच्या बऱ्याच आधीची. रोहतांगवरून पलीकडे उतरून, एक नाला धरून आम्ही दोन दिवस चढत होतो. समोर रॉक ग्लेशियर दिसला आणि मी वहीत पेनने 'सक्रिय' लिहून टाकलं. कड उभी होती, सह्याद्रीतल्या एखाद्या वाईट घसाऱ्यासारखी, आणि वर हिरवा ठिपका नाही. पेनने लिहिलं हेच चुकलं. पायथ्याशी दगडांखालून झरा येत होता. सोबतच्या पोराने हात धुवायला पाण्यात घातला आणि तो तिथे आरामात हात चोळत बसला. मला तिथेच शंका आली. खाली बर्फ असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरातही झऱ्याचं पाणी साधारण 2 अंशांच्या आत राहतं. त्यात हात क्षणभरात बधिर होतो. थर्मामीटर सोडला, तर साडेसहा. मग कडेवर चढून दगड बघितले. वरच्या बाजूंना दगडफूल पसरलेलं, मसाल्यातलं नव्हे, त्याचं थंड हवेतलं भावंड. चाकाएवढाले ठिपके एका दिवसात होत नाहीत. पुढे सरकणाऱ्या कडेवर दगड गडगडत, उलटत राहतात. त्यांना इतकी उसंत मिळत नाही. कित्येक शतकं तिथलं काही हललं नव्हतं.

मग गवत का नव्हतं? कारण तिथे गवत उगवतच नाही. आल्प्समध्ये बर्फ संपलेले जुने रॉक ग्लेशियर खाली, झाडांच्या पट्ट्यापर्यंत सापडतात, त्यांच्यावर गवत येतं, पाइन येतात. तिथे एनडीव्हीआय खरंच कामाचा. लाहौलच्या वरच्या भागात, रोहतांगच्या आडोशाच्या कोरड्या पट्ट्यात, जिवंत काय नि मेलेलं काय, सगळंच बोडकं. युरोपातल्या पेपरमधली चलं उचलून इथे लावलीस की मॉडेल कोरडेपणा मोजतं आणि त्याला सक्रियता म्हणतं.

यातून सुटायचं तर लेबल एका पुराव्यावर ठरव आणि भाकीत वेगळ्या पुराव्यावर. हालचाल उपग्रहाच्या रडारने मोज, तिच्यावरून लेबल लाव, आणि मग उंची, ऊन, उतार, दगडांचा प्रकार यांतून ते किती सांगता येतं ते मॉडेलला विचार. या प्रश्नाला काही अर्थ आहे.

पण रडारलाही देव मानू नकोस. सेंटिनेल-1 या युरोपीय उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी साधारण 5.6 सेंटिमीटर. इंटरफेरोग्रामवरचं, म्हणजे दोन तारखांच्या रडारचित्रांतला फरक रंगांत दाखवणाऱ्या चित्रावरचं, एक रंगचक्र म्हणजे उपग्रहाच्या दिशेने 2.8 सेंटिमीटर. 12 दिवसांच्या जोडीत एक चक्र दिसलं तर वर्षाला सुमारे 85 सेंटिमीटर. लगतच्या स्थिर खडकापेक्षा अर्ध्या चक्राहून जास्त फरक पडला की हिशेबाची खात्री राहत नाही. म्हणजे चपळ ग्लेशियरांवर कोहेरन्स, दोन चित्रांतल्या लहरींचा मेळ, जातो, चित्र वाळूसारखं रवाळ होतं, आणि नवखा माणूस 'माहिती नाही' म्हणून तो भाग पुसून टाकतो. पुसलेलेच सगळ्यात सक्रिय असू शकतात! उलट, बर्फ पडला किंवा वितळायला लागला तरी कोहेरन्स जातो. म्हणून उन्हाळ्याअखेरच्याच जोड्या घे, आणि संथ ग्लेशियरांसाठी एक वर्षाच्या.

दुसरी अडचण जास्त लबाड आहे. उपग्रह जवळजवळ ध्रुवावरून ध्रुवावर फिरतो आणि बाजूला बघतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम हालचाल त्याला छान दिसते, उत्तर-दक्षिण जवळजवळ दिसत नाही. आणि आपले रॉक ग्लेशियर राहतात कुठे? सावलीच्या, उत्तरेकडच्या उतारांवर. उत्तरेला 20 अंशांनी उतरणाऱ्या ग्लेशियरचा वेग रडारला निम्म्याहूनही कमी दिसतो, तोही बराचसा खाली बसण्याच्या हालचालीमुळे. तुझ्या तक्त्यातले 'स्थिर' उत्तराभिमुख ग्लेशियर मला म्हणूनच खटकले. वेग उताराच्या दिशेवर प्रक्षेपित कर, चढती-उतरती (उत्तरेकडे जातानाची आणि दक्षिणेकडे येतानाची) दोन्ही कक्षा वापर, आणि जिथे भूमितीच साथ देत नाही तिथे 'दिसत नाही' असं लिही. 'हलत नाही' लिहू नकोस. जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून भारत-अमेरिकेचा निसार हा रडार उपग्रह गेला. त्याच्या एल-बँड रडारची तरंगलांबी सुमारे 24 सेंटिमीटर, तेव्हा चपळ ग्लेशियरांचा प्रश्न जरा सुटेल. उत्तरेचा नाही सुटणार, कारण कक्षा तशीच आहे.

वर्ग किती ठेवायचे असं विचारलंस. तीन ठेव. आंतरराष्ट्रीय पर्माफ्रॉस्ट (कायम गोठलेली जमीन) संघटनेच्या कृतिगटाने 2018 पासून याच गोष्टीवर एकमत घडवायचा घाट घातला. पृष्ठभागाचा बराचसा भाग वर्षाला डेसिमीटरभर (10 सेंटिमीटर) किंवा जास्त सरकतो तो सक्रिय, त्याहून कमी तो संक्रमणशील, आणि अजिबात नाही तो अवशेष. पूर्वीचा 'निष्क्रिय' शब्द त्यांनी टाळला हे मला आवडलं, कारण मंदावलेला ग्लेशियर पुन्हा वेग घेऊ शकतो. मात्र हे वर्ग हालचालीचे आहेत, बर्फाचे नव्हेत. उतार कमी असेल तर पोटात बर्फ असूनही ग्लेशियर मुंगीच्या पावलांनी जातो. पाण्यासाठी तुझा नकाशा कुणी वापरला तर हा फरक महागात पडेल. अर्जेंटिनाने 2010 च्या कायद्यात हिमनद्यांबरोबर त्यांच्या भोवतालच्या गोठलेल्या भूभागालाही संरक्षण दिलं. तिथे अँडीजमधल्या खाणीशेजारी नकाशावरच्या एका बहुभुजाला, म्हणजे आखलेल्या ग्लेशियरच्या हद्दीला, कुठलं लेबल लागतं यावर वकिलांची पोटं चालतात.

मॉडेलबद्दल थोडंच. रँडम फॉरेस्टचा, म्हणजे शेकडो निर्णयवृक्षांची मतं गोळा करणाऱ्या मॉडेलचा, मोह आवर. तुझ्याकडे पिक्सेल लाखभर असतील, पण ग्लेशियर शे-दीडशेच आहेत, आणि मोजायचे ते ग्लेशियर. साधं लॉजिस्टिक रिग्रेशन किंवा जनरलाइज्ड ॲडिटिव्ह मॉडेल लाव, दोन्ही प्रत्येक चलाचा शक्यतेवरचा परिणाम उघड दाखवतात. उंची वाढताना शक्यता कशी वळते ते वक्रात डोळ्यांनी दिसतं, आणि वक्र वेडावाकडा असेल तर तुला लगेच कळतं. उत्तर शक्यतेत दे. 0.52 आणि 0.97 या दोघांना एकाच रंगात रंगवू नकोस.

आणि लेबलं एकटीने लावू नकोस. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला चाळीस बहुभुज दे, तुझी उत्तरं न दाखवता. तुमचं पाऊणच जमलं, तर 94 टक्के कशाचे होते ते बसून बोलू.

17, 23 आणि 41 नंबरचे ग्लेशियर मला पुन्हा पाठव, दोन्ही कक्षांचे इंटरफेरोग्राम लावून. तिन्ही उत्तराभिमुख, तिन्ही तुझ्या मते अवशेष. 23 च्या पायथ्याशी चित्रात एक गडद ओली रेघ दिसते, तो झराच असावा. सप्टेंबरात जाणार असशील तर पुण्याहून निघण्याआधी घरी ये, थर्मामीटर माझ्या कपाटात आहे. त्याचा सेल बदलावा लागेल. वहीत पेन्सिलने लिही.

तुझा,
सर