इंजिनिअर मिळत नाहीत? शिरोली ते कागल, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त लोकांचं म्हणणं एकच, माणूस मिळत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल फाइव्ह स्टार, उद्यमनगर, कोल्हापूरच्या सगळ्या औद्योगिक वसाहतींत तेच. म्हणून बाकीचे विषय पुढं ढकललेत.

प्रश्न: शिरोलीत आमची फाउंड्री (ओतीव कामाचा कारखाना) आहे, 80 माणसं. मेथडिंग (साच्यात धातू कसा ओतायचा ते ठरवणं) आणि क्वालिटीसाठी इंजिनिअर पाहिजे. फ्रेशर येतात, अनुभवी आला तर पगार ऐकून उठतो. काय करू?

दादा, तुम्ही पाठवलेली जाहिरात नीट वाचली. बी.ई. मेकॅनिकल, फाउंड्रीत 5 वर्षं, सिम्युलेशन सॉफ्टवेअर येणारा, पॅटर्न कळणारा, कस्टमर ऑडिट सांभाळलेला, लगेच जॉइन होणारा. असा माणूस कोल्हापुरात आहे की, पण तो आत्ता शेजारच्या फाउंड्रीत आहे, तुम्ही त्याला ओढलात की तो मालक उद्या तुमचा माणूस ओढणार, आणि ह्यात आपल्याकडं इंजिनिअर एकानंही वाढत नाही.

आधी एवढं ठरवा, पहिल्या दिवसापासून काय लागतंय आणि सहा महिन्यांत काय शिकवता येतंय. सॉफ्टवेअर शिकवता येतंय, गेटिंग-रायझरचा (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा आणि जादा धातूचा साठा) हिशोब शिकवता येतोय. भट्टीजवळ उभं राहायची तयारी आणि डिफेक्टच्या मुळाशी जायची खोड, ही मात्र माणसातच लागते. तालमीत पोरगं घेताना वस्ताद त्यानं किती कुस्त्या मारल्यात ते विचारत नाही, त्याचं अंग बघतो.

मुलाखतीला टेबलावर दोन रिजेक्ट कास्टिंग (ओतीव भाग) कापून ठेवा, एकात ब्लो होल, एकात श्रिंकेज. डिफेक्टचं नाव विचारू नका, काय दिसतंय ते विचारा. ब्लो होलची पोकळी आतनं गुळगुळीत असते कारण तिथं गॅस अडकलेला असतो, श्रिंकेजची खडबडीत असते कारण जाड भाग शेवटी गोठताना त्याला रायझरमधनं लोखंड पुरलेलं नसतं. जे पोरगं तुकडा उजेडात फिरवून बघतंय, आत बोट घालून बघतंय आणि वाळूत मॉइश्चर किती होतं म्हणून तुम्हालाच विचारतंय ते घ्या, मग डिप्लोमा का असेना. आणि बाहेर शोधायच्या आधी तुमच्याच सँड लॅबमध्ये, स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) कोण बसतंय ते बघा. तिथं दोन-चार वर्षं काढलेला माणूस बऱ्याचदा निम्मा मेथड इंजिनिअर झालेला असतो, त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

प्रश्न: पुण्याएवढा पगार आम्हाला परवडत नाही. केआयटी, डी. वाय. पाटील ह्या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं सरळ चाकण-हिंजवडी गाठतात. त्यांना थांबवायचं कसं?

थांबवू नका, जाऊ दे. बावीस वर्षांच्या पोराला पुणं बघायचं असतंय आणि ते बरोबरच आहे. तुम्ही लक्ष ठेवा तिशीतल्यांवर, लग्न झालेलं, पोरगं शाळेत घालायचं, आई-वडील इकडं एकटे, आणि पगारातला मोठा वाटा फ्लॅटच्या भाड्यात किंवा हप्त्यात जातोय. ही माणसं गणपतीला, दिवाळीला गावाकडं येतात, तेव्हा रविवारी कारखाना उघडा ठेवा, नुसतं बघायला या म्हणा, चहा पाजा. अट एकच, पगार पुण्याएवढा नसला तरी काम पुण्यापेक्षा हलकं नको. इथं आलास की ह्या दोन लाइन तुझ्या, रिजेक्शन कमी करायचे अधिकार तुझे, असं सांगता आलं पाहिजे आणि मग ते पाळलंही पाहिजे. नाहीतर येतोय, आणि प्रत्येक सहीसाठी मालकाच्या केबिनबाहेर बसावं लागलं की वर्षात परत जातोय.

प्रश्न: ट्रेनिंग दिलं की सोडून जातात म्हणून आम्ही ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो आणि 2 वर्षांचा बाँड करतो. चालतंय ना?

मार्कशीट आजच्या आज परत करा. लोकांची कागदं अडकवून माणूस टिकत नाही, बदनामी मात्र कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात पोचते. बाँडचं वेगळं आहे. सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात 3 वर्षं सेवा नाहीतर 2 लाख भरा ही अट वैध धरली. पण रक्कम वाजवी पाहिजे, खरोखर ट्रेनिंगवर खर्च केलेला दाखवता आला पाहिजे. आणि नोकरी सोडल्यावर दुसऱ्या फाउंड्रीत जायचंच नाही असली अट घालू नका, 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढं ती टिकत नाही.

प्रश्न: मी डिप्लोमा मेकॅनिकल, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीन) प्रोग्रामिंग येतं. तीन ठिकाणी 'मुलींना शॉपवर जमत नाही' म्हणून परत पाठवलं.

ताई, हे वाचून फार वाईट वाटलं. एकीकडं माणूस नाही म्हणून रडायचं आणि दारात आलेल्या प्रोग्रामरला परत पाठवायचं! पुढच्या ठिकाणी ड्रॉइंग मागा, तिथंच प्रोग्राम लिहून दाखवा, झिरो सेट करून (मशीनला मोजमाप कुठनं सुरू करायचं ते देऊन) जॉब काढून दाखवते म्हणा. मालकांना सांगणं, स्वच्छ बाथरूम आणि शिरोली फाट्यापर्यंत सोडणारी गाडी, एवढ्यावरनं किती मुली येतात ते एकदा करून बघा. नवीन कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यात, त्यात बाईची संमती आणि सुरक्षिततेची सोय असेल तर रात्रपाळीचीही मुभा आहे, पण प्रोग्रामिंगला रात्रपाळी लागतेच कशाला?

प्रश्न: उद्यमनगरात 12 माणसांचं मशीन शॉप आहे. अप्रेंटिस आम्हाला घेता येतो का?

येतो. 30 आणि त्यावर माणसं असली की अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, 4 ते 29 ला ऐच्छिक, म्हणजे तुमच्या मर्जीवर. डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्स, आयटीआयवाल्यांसाठी नॅप्स, ह्या सरकारी अप्रेंटिस योजना, दोन्हीकडं ऑनलाइन नोंदणी, आणि स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं. फक्त त्याला चलनं लिहायला आणि चहा आणायला लावू नका. आधी इन्स्पेक्शनला बसवा, मायक्रोमीटर, बोअर गेज हातात बसू दे, मग सेटरच्या (मशीन लावून देणाऱ्याच्या) शेजारी उभा करा, मग फिक्स्चर (जॉब पकडून ठेवायची जोडणी). कायम करायचा असेल तर दहाव्या महिन्यातच पगाराचा आकडा सांगून टाका, वर्ष संपायची वाट बघत बसलात तर तोवर त्याला चाकणवरनं फोन आलेला असतोय.