आयर्लंडच्या किनाऱ्यावर मध्ययुगीन चर्चचे अवशेष पाहायला एकाच ठिकाणी जाता येणार असेल, तर कुठे जावं?

वॉटरफर्ड परगण्यातल्या आर्डमोरला जा. समुद्रावर नजर ठेवणाऱ्या उतारावर सेंट डेक्लनच्या नावाचं, बाराव्या शतकातलं कॅथेड्रल आहे. छप्पर कधीच गेलंय. शेजारी सुमारे ३० मीटर उंचीचा गोल मनोरा आहे. नजर आधी त्याच्याकडेच जाते, पण माझ्या मते खरा ठेवा कॅथेड्रलच्या पश्चिम भिंतीवर, बाहेरच्या बाजूला आहे. तिथे कमानींच्या रांगांमध्ये आदाम-हव्वा, सॉलोमन राजाचा न्याय, बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष कोरलेले आहेत. चेहरे बरेच झिजलेत, म्हणून दुपार नुकतीच कलल्यावर पाहा. ऊन तिरपं पडलं की आकार उठून दिसतात. घाई अजिबात करू नका.

आत ओघम या प्राचीन आयरिश लिपीतले दगड आहेत, चर्चपेक्षा कितीतरी जुने. दगडाच्या कडेवर मारलेल्या रेघा हीच त्यातली अक्षरं. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या सेंट पॅट्रिकच्याही आधी डेक्लनने इथे ख्रिस्ती धर्म आणला, असं परंपरा सांगते.

वेळ उरला तर कड्यावरच्या पायवाटेने डेक्लनच्या विहिरीपर्यंत जा. तिथेही एका लहान चर्चच्या भिंती उभ्या आहेत.