चाकं आहेत म्हणून टॅक्सी सुटेल का?

प्रश्न: मी २९ वर्षांची, भांडुपला राहते. घरी कीबोर्डच्या शिकवण्या घेते, त्याचे महिन्याला साधारण २२,००० रुपये येतात. शिवाय ऑर्केस्ट्रा, लग्नातलं संगीत, नाट्यगृहातले कार्यक्रम असे वर्षाला साठेक शो वाजवते, मानधन सरासरी २,५०० रुपये. माझा कीबोर्ड पूर्ण ८८ पट्ट्यांचा, रोलँड एफपी-३०एक्स. जुन्या कापडी बॅगेची चेन गेली आहे, म्हणून आता चाकांची केस घ्यायची आहे. एक दुकान मापाप्रमाणे प्लायवूडची फ्लाइट केस २४,००० रुपयांत बनवून देतं, तिचं वजन १८ किलो. तिथेच फोमची, वरून जाड कापडाची, चाकं लावलेली तयार केस १३,५०० ला आहे, ती ७ किलोची. माझा कल फ्लाइट केसकडे आहे, पुढेमागे दुबईचा शो मिळाला तर ती विमानातही नेता येईल. टॅक्सीला जाऊन-येऊन सरासरी ७०० रुपये जातात. चाकं असली की लोकलने जाईन, म्हणजे वर्षाला ४२,००० वाचतील आणि केस सात महिन्यांत फिटेल. कार्डावर सहा महिन्यांचे ‘नो कॉस्ट’ हप्तेही आहेत. कीबोर्ड गेल्याच वर्षी घेतल्याने बँकेत ४८,००० उरलेत, महिन्याचा खर्च २६,००० आहे. सीए करणारी मैत्रीण म्हणते, घेऊन टाक, कर वाचेल. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमांची यादी सोबत जोडली आहे.

उत्तर: ताई, फ्लाइट केस घेऊ नका. १३,५०० ची घ्या, पण रोख, आणि आज नाही, गणपतीच्या तोंडावर.

यादी जोडलीत हे फार बरं केलंत, कारण सगळं उत्तर त्या यादीतच आहे. ४२,००० चा आकडा साठही शोंना टॅक्सी लागते आणि साठही वेळा ती सुटेल असं धरून आलाय. यादीत मात्र अठरा शोंपुढे तुम्हीच ‘पार्टीचा टेम्पो’ (म्हणजे ऑर्केस्ट्रा पार्टीचा) किंवा ‘आयोजकांची गाडी’ असं लिहिलंय. तिथे आजही तुमचे पैसे जात नाहीत. आणखी चौदा शो एक तर मुलुंड-ठाण्यातले, म्हणजे रिक्षाच्या अंतरावरचे, नाहीतर कर्जत-उत्तनकडच्या फार्महाऊसवरचे, जिथे स्टेशनात उतरूनही गाडी करावीच लागते. उरले अठ्ठावीस: दादर, परळ, माटुंगा, पार्ले.

या अठ्ठावीसमध्येही जाणं आणि येणं वेगळं धरा. दुपारी चारला भांडुपहून दादरकडे जाणारी लोकल पकडायला हरकत नाही, त्या वेळी गर्दी उलट्या दिशेची असते. पण कार्यक्रम दहा-साडेदहाला संपतो, केबल गुंडाळून, हिशोब घेऊन बाहेर पडेपर्यंत अकरा वाजून जातात. त्या वेळी एकटीने वीस-बावीस किलोचं धूड ओढत पूल चढायचा आणि भांडुपला उतरून रिक्षावाल्याच्या विनवण्या करायच्या, हे मी कागदावरसुद्धा बचत म्हणून लिहिणार नाही. येताना टॅक्सी घ्या. म्हणजे वाचतं ते एका बाजूचं भाडं, ३५० रुपये. त्यातून तिकीट आणि दोन्ही टोकांची रिक्षा-टॅक्सी मिळून ऐंशी रुपये वजा करा. २७० गुणिले २८, म्हणजे ७,५६०. वर्षाचे साडेसात हजार ही खरी बचत आहे आणि ती वाईट नाही. १३,५०० ची केस पावणेदोन-दोन वर्षांत फिटते.

आता याच हिशोबात फ्लाइट केस बसवून बघा. तुमचा कीबोर्ड १४.८ किलोचा, केस १८ किलोची, एकूण ३२.८. दादरला मध्य रेल्वेच्या फलाटावरून पश्चिमेला शिवाजी मंदिर नाट्यगृहाकडे जायचं म्हणजे पूल आलाच, आणि जिन्यावर चाकं फिरत नाहीत, तिथे सगळं वजन हातावर येतं. तेहतीस किलो एकटीने जिना चढवणार आहात का? नाही. हमाल शोधाल किंवा टॅक्सीच कराल. म्हणजे ज्या बचतीच्या जोरावर महाग केस घ्यायची, ती बचत ती केस स्वतःच खाऊन टाकते. तिच्या बाबतीत साडेसात हजारांच्या जागी शून्य लिहायला लागेल.

सपाट जमिनीवरचं गणितही बघून ठेवा, दुकानात कोणी ते सांगत नाही. लांब केसच्या एका टोकाला दोन चाकं असतील आणि दुसरं टोक धरून तुम्ही ओढत असाल, तर साधारण निम्मं वजन तुमच्या हातातच राहतं. फोमच्या केससकट एकूण २१.८ किलो, म्हणजे मनगटावर अकराच्या आसपास. फ्लाइट केसला खाली चार कॅस्टर, म्हणजे सगळीकडे वळणारी छोटी चाकं, लावून देतील, ती हॉटेलच्या गुळगुळीत फरशीवर लोण्यासारखी सरकेल, हे मान्य. पण आपल्या फूटपाथवर पेव्हर ब्लॉक वर-खाली झालेले, मध्येच गटाराचं झाकण, शिवाय पावसाळा. छोटं कडक प्लास्टिकचं चाक पहिल्याच फटीत अडकतं. म्हणून फोमच्या केसमध्येही चाकच आधी बघायचं: रबराचं आहे का, आठ-दहा सेंटिमीटरचं तरी आहे का, आणि बोल्ट काढून बदलता येतं का. रिव्हेट मारलेलं चाक तुटलं की सबंध केस वाया.

विमानाचा मुद्दा तुम्ही पुढेमागे दुबईचा शो मिळाला तर म्हणून काढलाय. नाव फ्लाइट केस असलं तरी एका नगाला ३२ किलोची मर्यादा विमानतळावर जवळपास सगळीकडे पाळली जाते, आणि तुमची जोडी ३२.८ ला पोचते. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलोच फुकट नेतात. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज बहुतेकदा १५८ सेंटिमीटरच्या आत हवी असते, इथे नुसती लांबीच १४० च्या घरात जाते. बाहेरगावचा शो आला तर तिथे ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड भाड्याने उभा करून द्या, अशी अट करारात घालायची. मोठे वादकही तेच करतात.

फ्लाइट केस योग्य ठरते अशी एक जागा आहे, ती लपवत नाही. वाद्य टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांखाली जात असेल तर फोम पुरत नाही, तिथे प्लायवूडच हवं. तुमचे असे शो अठराच्या आत आहेत. ज्या पार्टीच्या टेम्पोत तुमचा कीबोर्ड इतरांच्या सामानाखाली दबतो, त्या पार्टीने केस पुरवावी. निदान कीबोर्ड सगळ्यात वर, दोरीने बांधून न्यायचा, एवढं ठरवून घ्या. पुढे टेम्पोचे शो तीस-चाळीस झाले तर हा प्रश्न पुन्हा उघडू.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांबद्दल. शून्य टक्के व्याज नावाची गोष्ट नसते असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना खडसावलं होतं. तेव्हापासून व्याजाएवढी सूट आधी दाखवायची आणि मग व्याज लावायचं, असा प्रकार चालतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते, आणि रोखीत घासाघीस करून जे चार पैसे सुटले असते तेही जातात. पण मला खटकतोय तो हप्त्याचा महिना. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नाहीत. गणपती आणि नवरात्रात हात भरलेला, मधला पितृपक्ष कोरडा. आत्ता हप्ते सुरू केले तर महिन्याला चार हजार नेमके ओढीच्या दिवसांत जातील.

कराचं मैत्रिणीला सांगा की वाचायला आधी कर भरावा लागतो. शिकवण्या आणि मानधन मिळून तुमचं वर्षाचं उत्पन्न चार लाख चौदा हजारांच्या आसपास. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्यावर येतो. केस २४ हजारांची घ्या नाहीतर चोवीस लाखांची, तुमचा कर शून्याच्या खाली जाणार नाही. वीस लाखांच्या आत असल्यामुळे तुम्ही जीएसटीत नोंदणी केलेली नसणार, म्हणजे बिलातला जीएसटीही परत मिळत नाही. तरी पक्कं बिल घ्याच. उद्या विम्याचा दावा करायचा झाला तर तेच लागतं. घराच्या विम्यात वाद्य आहे असं समजून बसू नका, घराबाहेर, धंद्यासाठी नेलेली वस्तू त्यात बहुतेकदा बसत नाही.

पैसे कुठून आणायचे? ४८,००० मधून २४,००० काढले तर मागे महिन्याभराचाही खर्च राहत नाही. तुमच्यासारखं हंगामी उत्पन्न असलं की सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे दीड लाखाच्या वर रक्कम बाजूला हवी. तिथून तुम्ही बऱ्याच लांब आहात. तेव्हा शिकवण्यांच्या फीमधून दोन महिने चार-चार हजार बाजूला काढा, उरलेले साडेपाच हजार शिलकीतून घ्या. तोपर्यंत जुन्या बॅगेची चेन बदलून घ्या, चांगला चेनवाला ती काही शे रुपयांत बसवून देतो. वरून ताडपत्रीचं आवरण शिवून घ्या. नवी केस आली तरी हे आवरण लागणारच, कारण ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेल्या केसचीही शिलाई आणि चेन मुंबईच्या पावसात पाणी आत घेते.

आणि मानधन ठरवताना ‘गाडीभाडं वेगळं’ हे दोन शब्द बोलायला लागा. टॅक्सीने जाता त्या अठ्ठावीस शोंना नुसते दोनशे रुपये जास्त मिळाले तरी ५,६०० होतात, केसच्या बचतीच्या जवळपास तीन-चतुर्थांश, आणि त्यासाठी एक पैसा गुंतवावा लागत नाही. तबलजी, ढोलकीवाले मागतात, कीबोर्डवालेच का गप्प बसतात मला कळत नाही. त्यातलं काही दर शोमागे वाद्याच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकत गेलात, तर पुढची दुरुस्ती आणि पुढची केसही हप्त्याशिवाय येईल.

पत्रात मेडिक्लेमचं काही नाही. नसेल तर दीड लाखाची वाट न पाहता तो आधी घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. मनगट आणि पाठ दुखावली तर शिकवण्या आणि शो दोन्ही एकाच दिवशी बंद पडतात.

दुकानात जाताना कीबोर्ड सोबत न्या. तुमचा १३० सेंटिमीटर लांब, २८.४ रुंद, १५.१ उंच आहे. आतली जागा प्रत्येक बाजूने दोन-तीन सेंटिमीटरच जास्त असावी. जास्त सैल असेल तर कीबोर्ड आत आपटत राहतो, तेव्हा फोमचे तुकडे मागून घ्या. उद्या यामाहाकडे वळायचा विचार असेल तर पी-१४५ साधारण १३२.६ सेंटिमीटर आहे, तोही बसेल अशी लांबी धरा. कीबोर्ड आत घालून, चेन लावून, दुकानाबाहेरच्या फूटपाथवर ओढा आणि जवळच्या कुठल्याही जिन्याच्या दहा पायऱ्या एकटीने चढवून बघा. दुकानदार हे करू देत नसेल तर पैसे देऊ नका, धोबी तलावापासून लॅमिंग्टन रोडपर्यंत दुकानं बरीच आहेत.