फॉर्मल शर्टच्या आत बनियान घालायची का, आणि घातली तर कोणती?

तुम्ही लिहिलंय की पांढऱ्या शर्टच्या आत पांढरी सँडो घालता, ती बाहेरून स्पष्ट दिसते आणि एवढं करूनही शर्ट काखेत पिवळे पडतातच, मग बनियान सोडूनच द्यावी का. माझं मत विचाराल तर सोडू नका, बदला.

सँडोला बाह्याच नसतात, त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त घाम येतो ती काख थेट शर्टला घासते. मी कित्येक वर्षं हेच करत होतो. एक चांगला शर्ट इस्त्रीला घेतला तेव्हा काखेतली जागा हाताला पुठ्ठ्यासारखी कडक लागली, उजेडात धरून बघितलं तर पिवळट वर्तुळ पडलेलं. ते नुसत्या घामाचं नसतं, अँटीपर्स्पिरंटमध्ये, म्हणजे काखेत लावायच्या घाम रोखणाऱ्या स्प्रे-रोलऑनमध्ये, ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामात मिसळून कापडात बसतात. त्यावर क्लोरीनवालं ब्लीच अजिबात टाकू नका, त्याने डाग अजून पिवळा होऊ शकतो (मी टाकलं होतं, शर्ट वाया गेला). म्हणून बनियान छोट्या बाह्यांचीच घ्या, आणि अँटीपर्स्पिरंट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्या, मगच कपडे चढवा.

आता दिसण्याचं. पांढऱ्याच्या आत पांढरं लपेल असं सगळ्यांनाच वाटतं, पण होतं उलटं. शर्टचं कापड पातळ असलं की त्यातून अंगाचा रंग थोडा जाणवतो आणि जिथे बनियान आहे तेवढाच भाग जास्त पांढराशुभ्र दिसतो, म्हणून खांद्यावरच्या पट्ट्या लगेच उठून दिसतात. तुमच्या कातडीच्या रंगाच्या जवळपासची घ्या, नाहीतर फिकी राखाडी. खरं वाटत नसेल तर आरशासमोर एकाच शर्टच्या आत एकदा पांढरी आणि एकदा राखाडी घालून बघा, उजेडाकडे तोंड करून, फरक लगेच कळेल.

गळ्याचं सोपं आहे, टाय लावणार असाल तर गोल गळा चालतो, वरचं बटण उघडं ठेवणार असाल तर खोल व्ही नेक, कारण उघड्या कॉलरमधून बनियानचा तुकडा डोकावला की सगळा शर्ट गबाळा वाटतो.

उकडतं ही तक्रार खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. जाड कॉटन घाम शोषतं पण लवकर वाळत नाही, मग दिवसभर ओलं फडकं अंगाला चिकटल्यासारखं होतं. मोडालची (लाकडाच्या लगद्यापासून बनणारं मऊ कापड) पातळ बनियान मला सगळ्यात बरी वाटली, पॉलिएस्टर पटकन वाळतं पण त्यात वास धरून राहतो. मात्र ती अंगाला बसणारी हवी, ढगळ असली की शर्ट इन केल्यावर कमरेपाशी चुण्या गोळा होतात, आणि लांबीलाही इतकी हवी की वाकल्यावर पँटमधून बाहेर येणार नाही.

फॉर्मल शर्टच्या आत काही घालणं चूक आहे असंही कोणीकोणी ठामपणे सांगतात. त्यामागे कारण आहे, युरोपात पूर्वी शर्ट हाच आतला कपडा होता, वरून वेस्टकोट आणि कोट यायचा. पण तेव्हा तो अंतर्वस्त्र म्हणूनच वापरला जायचा, आपण तोच शर्ट बाहेरचा म्हणून घालतो, त्यामुळे तो नियम मला आज लागू वाटत नाही. जाड कापडाचा किंवा सैल लिनन शर्ट असेल आणि घाम कमी येत असेल तर बिनधास्त तसाच घाला, मीही घालतो.

आणि बनियान रोजच्या रोज धुवा, कालचीच परत घातली तर वास शर्टलाही लागतो.