चाऱ्यासाठी उन्हाळी बाजरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन म्हशी, दोन गाई आहेत. दादर (रब्बी ज्वारी) काढलेल्या रानात विहिरीच्या पाण्यावर चाऱ्याची बाजरी घ्यायची आहे. किती क्षेत्र धरू? पेरणी कशी करू? (अमळनेर तालुका)

उत्तर : एका जनावराला दिवसाला 25 किलो हिरवा चारा धरा, म्हणजे चौघांना 100 किलो. पहिल्या कापणीला गुंठ्यामागे साधारण पावणेदोन क्विंटल चारा निघतो, त्यामुळे 9-10 गुंठ्यांवर पंधरवडा निघतो. म्हणजे महिन्याला 20 गुंठे धरा, मात्र ते एकदम पेरू नका. एकदम पेरलं की निम्मी बाजरी गोठ्यात जाईपर्यंत उरलेली निसवून (कणसं बाहेर पडून) राठ होते, आणि राठ धाटं जनावर गव्हाणीत तशीच टाकतं. 10-10 गुंठ्यांचे दोन तुकडे पंधरा दिवसांच्या अंतराने पेरा. पहिला तुकडा खाऊन झाला की दुसरा कापायला येतो आणि तो संपेपर्यंत पहिला पुन्हा फुटलेला असतो.

थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पेरा. गारठ्यात उगवण विरळ होते. जायंट बाजरा किंवा बाएफ बाजरा यांसारखं चाऱ्याचंच बियाणं घ्या. 10 गुंठ्यांना एक किलो पुरतं. आधी पाणी देऊन वाफसा आल्यावर फूटभर अंतराच्या ओळींत पेरा. कोरड्यात पेरून वर पाणी सोडलं तर काळ्या रानावर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच वाकतो. बी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. विरळ उगवणीत दोष बऱ्याचदा बियाण्याचा नसतो, पाभर (पेरणीचं अवजार) खोल गेलेली असते.

10 गुंठ्यांना चांगलं कुजलेलं शेणखत एक टनाच्या वर, पेरताना 25 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो युरिया. पुढे प्रत्येक कापणीनंतर 5 किलो युरिया. पाणी आठ दिवसांनी, मेच्या उन्हात त्याहून लवकर. पहिली कापणी 45 ते 50 दिवसांनी, पुढच्या साधारण महिन्याने. चारा दर कापणीला थोडा घटतो, तेवढं गृहीत धरा.

प्रश्न : पहिल्या कापणीनंतर बाजरी नीट फुटलीच नाही. बियाणं खराब होतं का? (साक्री तालुका)

उत्तर : बियाणं दाण्याच्या संकरित वाणाचं असेल तर नवल नाही, ते वाण एकदा कापण्यापुरतेच. चाऱ्याचं वाण असूनही असं झालं असेल तर विळा कुठे चालवला ते पाहा. नवे फुटवे बुडाजवळच्या पेरांवरच्या डोळ्यांतून येतात. जमिनीलगत कापलं की डोळेच जातात. अर्धी वीत, म्हणजे 10-12 सेंटिमीटर बूड ठेवा. कणसं पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबलात तरी फुटवा मंदावतो. कापणीनंतर दोन-तीन दिवसांत युरिया आणि पाणी एकत्रच द्या.

प्रश्न : बाजरी सुरू केल्यापासून दुधाचा फॅट उतरला. (पारोळा तालुका)

उत्तर : कोवळ्या पाल्यात तंतू कमी, पाणी जास्त. त्यावरच पोट भरलं तर फॅट उतरणारच. जनावरामागे 4-5 किलो दादरचा कडबा किंवा गव्हाचं भुसकट सोबत द्या आणि दोन्हींची कुट्टी मिसळून घाला. दुसरी गोष्ट ऑक्झलेटची. बाजरीतलं ऑक्झलेट चाऱ्यातला चुना (कॅल्शियम) बांधून ठेवतं, आणि दुभत्या जनावराला चुना तर रोज लागतो. म्हणून दिवसाला 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. बाजरीच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ घेतली तर प्रथिनांची भरही पडते.

प्रश्न : पाण्याअभावी खुरटलेली बाजरी कडवळासारखी (चाऱ्याच्या ज्वारीसारखी) जनावराला विषारी ठरते का? (शिंदखेडा तालुका)

उत्तर : कोवळ्या किंवा खुरटलेल्या ज्वारीत जे सायनाइडचं विष तयार होतं, ती भीती बाजरीत नाही. पण नायट्रेट साचतं, विशेषतः युरिया टाकून पाणी तोडलं तर, आणि ते बुडाच्या धाटात सर्वांत जास्त असतं. अशी बाजरी उंचावरून कापा, वाळक्या चाऱ्यात मिसळून थोडीथोडी द्या, उपाशी जनावरापुढे टाकू नका. ताणानंतर पाणी दिलं किंवा पाऊस झाला तर आठवडाभर कापू नका. वाळवूनही नायट्रेट जात नाही. खाल्ल्यावर जनावर धापा टाकू लागलं, हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या, तर चारा काढून घ्या आणि पशुवैद्यकाला लगेच बोलवा. यावर इंजेक्शन आहे, पण ते वेळेत मिळावं लागतं.