कोकणात द्राक्षं लावून घराण्याची वाईन इस्टेट उभी करता येईल का?

पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली एका जुन्या घराण्याची इस्टेट तुम्ही पाहून आलात आणि आता मालवणजवळच्या कातळावर द्राक्षं लावायची म्हणता. लावू नका. चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि वर नेहमीची दमट खारी हवा, यात केवडा आणि करपा हे बुरशीचे रोग वेल जगू देणार नाहीत. नाशिकवाले एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून पीक कोरड्या थंडीत आणतात. ती हवा घाटावर आहे, इथे नाही.

पण घराण्याची गोष्ट काढलीत, म्हणून पुढचं लिहितोय.

माझं घर सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, आजोळ गोव्यातल्या पेडण्यात. मामांकडे पणजोबांपासून काजूची फेणी गाळतात. मार्च उजाडला की आम्ही भाचरं तिकडेच. मामांचा नियम कडक: "खाली पडलेलोच बोंडू उचलूचो, झाडाक हात लावूचो नाय." कारण पूर्ण पिकल्याशिवाय बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, गळत नाही. बिया पिळून वेगळ्या काढायच्या आणि बोंडू कातळात कोरलेल्या कुंडीत पायांनी तुडवायचे. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने गच्च बांधून वर दगड ठेवला की रात्रभर जो स्वच्छ रस ठिबकतो, तो नीरो. तो आम्हा मुलांचा. तुडवलेला रस माठात आपोआप आंबतो, वरून यीस्ट घालत नाहीत. तीन-चार दिवसांनी मामा माठाला कान लावून आवाज ऐकायचे आणि मगच भट्टी पेटवायचे. पहिल्या धारेचा हुर्राक हलका, तो उन्हाळ्यातच संपवायचा. हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळला की फेणी, साधारण ४२ टक्क्यांची.

डोरोत तुम्हाला ग्रॅनाइटच्या हौदात द्राक्षं तुडवताना दाखवली असतील. तिथे रस पुरता आंबण्याआधीच ७७ टक्के मद्यार्काची ब्रँडी ओतून आंबणं थांबवतात, म्हणून पोर्ट ही तिथली वाईन गोड राहते. पद्धत वेगळी, पण पायाखालचं काम तेच. काजूचं झाडही पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून इथे आणलं.

आमचे दादा मुंबईला असतात. त्यांच्या दिवाणखान्यात लिस्बनहून आणलेली पोर्टची बाटली काचेच्या कपाटात आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते त्या घराण्याचा इतिहास सांगतात. त्याच दादांनी माझ्या लग्नात व्याह्यांसमोर मामांची ओळख फक्त "बागायतदार" अशी करून दिली. मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "दारू गाळणं हा काय सांगायचा वारसा आहे?" मामा परवानाधारक. कर भरणारे. त्यांची बाटली दुकानात लेबल लावून विकली जाते. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. दादांचं मत तेच. डोरोच्या वाईनप्रदेशाच्या सीमा १७५६ मध्ये सरकारने आखून दिल्या आणि तिथली माणसं आपलं काम ताठ मानेने सांगत आली. आमच्याकडे मात्र आपल्याच माणसांना लाज वाटते. तोवर सिंधुदुर्गात बोंडू झाडाखाली कुजतात किंवा टेम्पोत भरून गोव्याला जातात.

तेव्हा जमीन असेल तर काजू लावा. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ही जात घ्या, कलमं वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात चौकशी करूनच घ्या. बी विकून घर चालेल. बोंडूचं सरबत, सिरप करता येतं. रस घशाला खवखवतो, तो तुरटपणा आधी काढावा लागतो. करवंद-जांभळाची वाईनही होते. आणि पाहुण्यांना गोष्ट सांगायचीच असेल तर आपल्या गावची सांगा, डोरोची नको. घरात कुणी नाक मुरडलं तर त्यांच्या कपाटातली बाटली कशाची आहे ते आधी विचारा.

दोन गोष्टी राहिल्या. महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय माठभर रसही गाळू नका, तो गुन्हा आहे. परवाना मिळाला तरी बाटलीवर फेणी लिहिता येणार नाही, ते मानांकन गोव्याचं आहे. नाव तुमच्या गावचं शोधा. आणि तुमची जागा उघड्या कातळाची असेल, मातीच नसेल, तर काजूसुद्धा खड्डे फोडून माती भरल्याशिवाय धरणार नाही. आधी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला जागा दाखवा.