लघवीला फेस येतो, पण दुखत काहीच नाही

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 61 असून त्यांना 12 वर्षांपासून मधुमेह आहे. दोन महिन्यांपासून त्यांच्या लघवीला फेस येतो आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते. कंबर दुखत नाही, लघवीही भरपूर होते, तेव्हा किडनी चांगलीच आहे, असे ते म्हणतात. गुडघेदुखीसाठी ते दुकानातून गोळ्या आणून घेतात. काही दिवस वाट पाहावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वाट पाहू नका, याच आठवड्यात तपासणी करून घ्या. किडनी बिघडली की कंबर दुखते, हा समज इतका रुजला आहे की त्यापायी अनेक रुग्ण फार उशिरा येतात. मधुमेहामुळे होणारा किडनीचा आजार सहसा दुखत नाही. कुशीतून जांघेकडे जाणारी तीव्र कळ बहुधा मुतखड्याची असते. लघवी भरपूर होते, एवढ्यावरूनही निश्चिंत राहता येत नाही, कारण रक्तातील टाकाऊ द्रव्ये साचू लागल्यावरही पाणी बराच काळ बाहेर पडत राहते.

फेस प्रत्येक वेळी आजाराचाच असतो असे नाही. मात्र तो रोज येत असेल आणि सोबत चेहऱ्यावर सूज असेल, तर लघवीवाटे प्रथिने जात असल्याची शंका घेतलीच पाहिजे. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) व क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारे टाकाऊ द्रव्य) यांचे गुणोत्तर तपासावे. ते 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी असावे. रक्तातील क्रिएटिनिनसोबत ईजीएफआरचा, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते याच्या अंदाजाचा, आकडाही मागून घ्या, कारण अंगाने बारीक असलेल्या वयस्क माणसाचे क्रिएटिनिन किडनीची क्षमता घटल्यावरही अहवालात सामान्य दिसू शकते. ईजीएफआर तीन महिने 60 च्या खाली राहिला, तर तो दीर्घकालीन आजार मानला जातो. खरे तर मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाने काहीही त्रास नसताना या दोन्ही तपासण्या दरवर्षी करायला हव्यात. रक्तदाबही मोजून घ्या.

मला अधिक काळजी वाटते ती गुडघ्याच्या गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळे किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह घटतो, म्हणून डॉक्टरांना भेटेपर्यंत त्या थांबवा. मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे मात्र स्वतःहून बंद करू नका. लघवी एकाएकी अगदी कमी झाली, आडवे पडल्यावर दम लागू लागला किंवा उलट्यांबरोबर गुंगी येऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तपासणीला जाताना त्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, सोबत न्या.